उवांचे विशेषण

इंग्रजी शब्दकोशात ‘लाउझी’ या शब्दापुढे ‘उवांनी भरलेला’ असा अर्थ छापलेला मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि वाचनालयात आसपास कोणी नसतानाही माझे कान तापले होते. तोपर्यंत वर्षभर हा शब्द मी सर्रास वापरत होते. पेपर लाउझी गेला, हवा लाउझी आहे, गाण्याची चाल लाउझी आहे, असे आम्ही मैत्रिणी एकमेकींना म्हणत असू, आणि ‘वाईट’ म्हणण्याऐवजी ‘लाउझी’ म्हणण्यात जी थोडी ऐट होती ती मलाही हवीशी वाटे. त्या दिवशी शब्दकोश मी या शब्दासाठी उघडलाही नव्हता. त्याच पानावरचा दुसराच शब्द शोधताना नजर घसरली आणि ‘लाउस’, म्हणजे ऊ, व तिच्याखाली ‘लाउझी’, अशी ती मायलेकींची जोडी समोर आली.

कान तापायला कारण होते. सहावीत असताना माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या. वर्गातल्या आम्हा चार मुलींना शेवटच्या बाकावर वेगळे बसवण्यात आले, आणि पुढचे काही दिवस आमच्या बाकाशेजारून जाताना बाकीच्या मुली आपल्या वेण्या हातात धरून अंग चोरून जात. घरी आई मला गुडघ्यांशी घेऊन बसायची. पुढ्यात पांढरे कापड अंथरलेले असे आणि तिच्या हातात दोन्ही बाजूंना बारीक दात असलेली फणी. मानेपासून ओढत आणलेली फणी ती उजेडात धरायची, दातांत अडकलेली ऊ चिमटीने अलगद काढायची, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायची आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने दाबायची. टच्च असा आवाज व्हायचा आणि नखावर रक्ताचा बारीक ठिपका उमटायचा. ते रक्त माझेच आहे हे समजल्यावर मी रडले होते. लिखा मात्र फणीला दाद देत नसत. केसाच्या मुळाशी चिकटलेली एकेक लीख दोन नखांत पकडून टोकापर्यंत ओढत न्यावी लागे, आणि या कामात आईची दुपार सरून जाई. इंग्रजीत कुणी उगाच बारीकसारीक चुका काढत बसला की त्याला ‘निटपिकिंग’ म्हणजे लिखा वेचणे म्हणतात. आईची ती दुपार आठवली की या शब्दातली कुचेष्टा मला आजही पटत नाही.

त्यामुळे ‘लाउझी’ शब्दाने माझ्यापुढे आपले मूळ उघड केले ते मला फार जवळून कळले. पुढे भाषांतर हाच माझा व्यवसाय झाला आणि या एका विशेषणाने मला जितके थांबवले तितके मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांनीही थांबवलेले नाही.

शब्दाची घडण साधी आहे. ऊ या अर्थाचा ‘लूस’ हा शब्द इंग्रजीच्या सर्वांत जुन्या रूपात होता, आणि जर्मन, डच, स्वीडिश या तिच्या बहिणींतही तो थोड्याफार फरकाने आहे. त्याला ‘ई’ हा प्रत्यय लागला की ‘ने भरलेला’ असा अर्थ येतो, जसा चिखलावरून चिखलट. लेखनात ‘लाउस’ आणि ‘लाउझी’ यांचे नाते स्पष्ट दिसते. उच्चारात मात्र मूळचा ‘स’ विशेषणात ‘झ’ होतो, आणि मला वाटते की या छोट्याशा बदलाने विस्मरणाला मोठी मदत केली आहे. इंग्रजी बोलणारा माणूस दिवसातून दहा वेळा ‘लाउझी’ म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकही ऊ येत नाही.

उवांनी भरलेला हा शब्दशः अर्थ चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतो, आणि त्याच शतकाच्या अखेरीस तो शब्द शिवीसारखाही वापरला जाऊ लागलेला दिसतो. इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, म्हणजे यात्रेकरूंनी वाटेत एकमेकांना सांगितलेल्या कथांमध्ये, एका कथेतला सैतान म्हणतो की, एखादा लाउझी जादूगारसुद्धा तुला फसवू शकतो, मग मी तर त्याहून कितीतरी कसबी आहे. इथे जादूगाराच्या डोक्यात खरोखर उवा आहेत की नाहीत याच्याशी सैतानाला कर्तव्य नाही. गल्लोगल्ली हातचलाखी दाखवत पोट भरणारा, कुणी न विचारणारा माणूस, एवढेच त्याला म्हणायचे आहे. म्हणजे या शब्दाने वस्तूचा दर्जा सांगण्याच्या पुष्कळ आधी माणसाची पायरी सांगितली. ‘हलक्या दर्जाचा’ हा अर्थ ‘हलका माणूस’ या अर्थाच्या पाठीवर बसून आला, आणि माझ्या मते या शब्दाची सारी गोष्ट इथेच आहे.

चॉसरचे ते यात्रेकरू ज्या समाधीच्या दर्शनाला निघालेले असतात, ती समाधी थॉमस बेकेट या आर्चबिशपची. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच राजाच्या सरदारांनी त्याची हत्या केली. दफनापूर्वी मठवासीयांनी त्याची भरजरी वस्त्रे उतरवली तेव्हा आत अंगालगत केसाळ, खरबरीत कापडाचा अंगरखा निघाला आणि तो उवांनी भरलेला होता, असे त्या काळच्या वृत्तान्तांत नोंदलेले आहे. मठवासीयांना त्याची किळस आली नाही. या माणसाने ऐश्वर्याखाली देहदंड सोसला, हा गुपचूप व्रतस्थ होता, याचा पुरावा म्हणून त्यांनी त्या उवांकडे पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ज्या जिवामुळे गल्लीतला जादूगार तुच्छ ठरतो, त्याच जिवामुळे आर्चबिशप संत ठरतो. उवा दोघांकडेही सारख्याच. आर्चबिशपला त्या अंगावर बाळगण्याची मुभा होती. गरिबाला त्यांतून सुटका नव्हती.

चॉसरनंतर दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकात फ्लुएलेन नावाचा तापट कप्तान पिस्टल या बढाईखोर सैनिकावर विशेषणांची सरबत्ती करतो. तीत ‘बेगरली’ आणि ‘लाउझी’ हे शब्द एकापाठोपाठ येतात. ‘बेगरली’ म्हणजे भिकाऱ्याला शोभणारा. मराठीत आपण दर्जाहीन वस्तूला जो शब्द सगळ्यांत सहज वापरतो, तो ‘भिकार’, अगदी याच मुशीतला आहे. भिकार कादंबरी म्हणताना भीक मागणारे कुणी आपल्या मनात नसते, जसे ‘लाउझी’ म्हणताना इंग्रजाच्या मनात ऊ नसते. पण दोन्ही भाषांना वाईट वस्तूसाठी शब्द हवा होता तेव्हा त्यांनी तो ज्यांच्याकडे काहीच नाही अशा माणसांकडून उचलला. हे मला जेव्हा उमगले, तेव्हा ‘भिकार’ हा शब्द माझ्याही जिभेवर क्षणभर अडू लागला आणि अजून अडतो.

इंग्रजीने तर आजारी, ग्रासलेल्या देहावरून अशा विशेषणांचे एक घराणेच उभे केले आहे. ‘स्कर्व्ही’ म्हणजे आधी कोंडा, खपल्या असलेला, आणि मग नीच. ‘मेंजी’ म्हणजे लूत भरलेला, आणि मग कळकट. ‘मीझली’ म्हणजे आधी गोवराचे किंवा पट्टकृमीच्या पुटकुळ्यांनी भरलेल्या मांसासारखे, आणि मग क्षुल्लक, लाज वाटावी इतके थोडे. अमेरिकन सैनिकांच्या बोलीत एकोणिसाव्या शतकात अंगावरच्या उवेला ‘क्रम’ म्हणजे पावाचा चुरा म्हणत असत, आणि आज हलक्या, कळाहीन गोष्टीला जे ‘क्रमी’ म्हणतात त्यात त्या उवांचाही अंश आहे. दुसऱ्या भाषाही मागे नाहीत. जर्मनमधले ‘लाउझिश’, फ्रेंचमधले ‘पुय्यो’, स्पॅनिशमधले ‘पिओखोसो’ आणि रशियनमधले ‘व्शीवी’ ही सगळी त्या त्या भाषेतल्या उवेवरून तयार झालेली विशेषणे आहेत आणि सगळ्यांचा अर्थ दरिद्री, हलके, भिकार यांच्याच आसपास फिरतो.

याच्या शेजारी ‘शॉडी’ हा शब्द ठेवून पाहिला की फरक लक्षात येतो, कारण तो वस्तूतून आलेला आहे. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या बॅटली इथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या फाडून, पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची रीत बसवली, आणि त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणू लागले. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा घाईघाईत शिवलेले गणवेश असल्या कापडाचे निघाले आणि सैनिकांच्या अंगावरच उसवू, विरू लागले. कंत्राटदारांवरचा संताप त्या कापडाच्या नावावर निघाला. म्हणून ‘शॉडी’ म्हटले की कामात काय खोट आहे हे आजही कळते: माल कच्चा, शिवण तकलादू, वरून रंगरंगोटी. ‘लाउझी’ तसे काही सांगत नाही. काय बिघडले, कुठे बिघडले, कुणाच्या हातून बिघडले, याचा पत्ता त्यातून लागत नाही. बोलणाऱ्याला ते आवडले नाही, त्याला त्याचा वैताग आला आहे, इतकेच कळते.

आणि तरीही हा शब्द इतका टिकला आहे, इतका कामाचा आहे, तो या वैतागामुळेच. आज तो शिवीही राहिलेला नाही. घरात, मित्रांत, हलक्याफुलक्या लेखनात चालतो. ‘क्रॅपी’ हा त्याच अर्थाचा शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारताना लोक बिचकतात, तसे ‘लाउझी’ म्हणताना बिचकत नाहीत. पण अहवालात, अर्जात किंवा निकालपत्रात तो शोभत नाही, तिथे ‘पुअर’ लिहावे लागते. शिवाय त्याची झेप मर्यादित आहे, आणि ती मर्यादा परभाषकाने ओळखलीच पाहिजे. हवा लाउझी असते, झोप लाउझी होते, सामना लाउझी खेळला जातो. भूकंपाला किंवा जवळच्या माणसाच्या मृत्यूला कुणी लाउझी म्हणत नाही. दुःख जितके खोल जाईल तितका हा शब्द तोकडा पडतो, आणि तो तिथे वापरला तर ऐकणाऱ्याला अपमान वाटतो.

भाषांतर करताना मात्र या शब्दाने मला अक्षरशः घोळवले. सुरुवातीच्या काळात मी दिसेल तिथे ‘निकृष्ट’ लिहीत असे, कारण शब्दकोशात तो पहिला होता. त्याने वाक्यांवर सरकारी शिक्का बसल्यासारखे होई. मग लक्षात येऊ लागले की मराठीला या एका शब्दाच्या जागी शब्द शोधायचाच नाही. प्रत्येक वेळी आपली माणसे त्या प्रसंगी काय म्हणतील ते आठवायचे आहे. एखादी बाई लाउझी स्वयंपाक करते, तर मराठीत तिच्या हाताला चव नसते. दिवस लाउझी गेला, तर आज सकाळी कुणाचे तोंड पाहिले कोण जाणे. नशीब लाउझी, तर ते फुटके. सिनेमा लाउझी, तर तो टुकार, आणि कंटाळवाणा असेल तर रटाळ. विनोद लाउझी, तर पाणचट. ‘लाउझी दहा डॉलर’ यात पैशाच्या दर्जाचा प्रश्नच नसतो. कष्टांच्या मानाने ते इतके थोडे आहेत की घेताना चीड येते. तिथे ‘जेमतेम दहा डॉलर हातावर टेकवले’ असे लिहिले की ती चीड ‘टेकवले’ या क्रियापदात उतरते आणि विशेषणाची गरजच उरत नाही.

कुणी इंग्रजीत ‘मी गणितात लाउझी आहे’ असे म्हणतो, तेव्हा मराठी माणूस म्हणेल, ‘माझं गणित कच्चं आहे’. या वाक्यावर मी एकदा बराच वेळ रेंगाळले होते. दोघेही तीच कबुली देत आहेत. पण ‘कच्चे’ या शब्दात पिकण्याची, भाजून निघण्याची शक्यता शिल्लक आहे. कच्चा गडी म्हटले की तो खेळात असतो, फक्त त्याच्यावर राज्य येत नाही. आपल्या भाषेने न जमणाऱ्यासाठी इतका मायाळू शब्द राखून ठेवला आहे याचे मला मनापासून अप्रूप वाटते, आणि मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा असेही वाटते.

‘आय फील लाउझी’ हे तर मोठे जिकिरीचे वाक्य. ताप उतरल्यावर अंग मोडून आलेले असते, तोंडाला चव नसते, तेव्हाही ते म्हणतात. आणि मित्राला लागेल असे बोलून गेल्यावर रात्री झोप येत नाही, तेव्हाही तेच म्हणतात. पहिल्या ठिकाणी ‘कसंतरीच होतंय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘माझं मलाच कसंतरी वाटतंय’ इथवर मराठीही एकच ‘कसंतरी’ दोन्हीकडे चालवते, ही माझ्यासाठी सापडलेली ठेवच होती. इथे ‘लाउझी’ शब्द दुसऱ्याला हिणवत नाही. बोलणारा तो स्वतःवर घेतो, आणि त्यामुळे त्यात एक मार्दव येते जे या शब्दाच्या जन्मात कुठेच नव्हते. सहाशे वर्षे लोकांच्या तोंडी झिजून झिजून त्याची धार गेली, ती अशा जागी मला हिताची वाटते.

एका प्रयोगात मात्र उवा अजून जिवंत आहेत. अमेरिकन बोलीत एखादे ठिकाण पर्यटकांनी ‘लाउझी’ आहे असे म्हणतात. इथे वाईट हा अर्थ नाही. खच्चून भरलेले, जिकडे पाहावे तिकडे तेच, असा आहे. एखाद्याकडे अमाप पैसा असला तरी तो पैशाने ‘लाउझी’ असतो. या प्रयोगाचे भाषांतर करताना मी खूप शब्द घासून पाहिले, आणि मग ‘बुजबुजलेले’ आठवले. मुंग्या, अळ्या, उवा बुजबुजतात. माणसांचाही बुजबुजाट होतो, आणि वर्तमानपत्रे एखादे खाते भ्रष्टाचाराने बुजबुजले आहे असे लिहितात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच दृश्य पाहिले होते: वळवळणारे असंख्य बारीक जीव, आणि ते पाहून अंगावर येणारा शहारा. शब्द सापडल्याचा आनंद त्या दिवशी मला पुरला नाही. शेवटच्या बाकाशेजारून वेण्या सावरत जाणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांवर मी हाच शहारा पाहिला होता.

काही वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धातल्या खंदकांविषयीचा मजकूर माझ्याकडे भाषांतरासाठी आला, आणि तिथे ‘लाउझी’ पुन्हा आपल्या मूळ अर्थावर गेलेला होता. आठवडेच्या आठवडे अंगावरचे कपडे न बदलता चिखलात राहणाऱ्या सैनिकांच्या सदऱ्यांच्या शिवणींत उवांची वस्ती असे. फुरसत मिळाली की ते कपडे उतरवून घोळक्याने बसत आणि शिवणींवरून मेणबत्तीची ज्योत फिरवत. आतल्या उवा तडतडत फुटत. कापड जळू द्यायचे नाही आणि लिखा मात्र जाळायच्या, एवढ्या वेगाने ज्योत सरकवावी लागे. या उवांकडून सैनिकांना ‘खंदक-ताप’ येई. ऊ हीच त्याची वाहक आहे हे १९१८ मध्ये सिद्ध झाले. अधिकारी असो की साधा शिपाई, खंदकात उवा कुणालाच चुकल्या नाहीत.

त्याहून भयंकर प्रलापक ज्वराचे, म्हणजे टायफसचे, रहस्य थोडे आधी उलगडले होते. ट्युनिसमधल्या पाश्चर संस्थेचे संचालक शार्ल निकोल यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: रुग्ण बाहेर असेपर्यंत इतरांना आजार देतो, रुग्णालयाच्या दारात त्याचे कपडे उतरवून घेणाऱ्यांनाही तो आजार होतो, पण अंघोळ घालून, धुतलेले कपडे चढवून रुग्णाला आत घेतले की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काहीच होत नाही. दाराशी मागे राहतात ते कपडे, आणि कपड्यांत राहतात उवा. १९०९ मध्ये त्यांनी प्रयोगाने हे दाखवून दिले आणि १९२८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाने शब्दावर पडलेला प्रकाश मला फार महत्त्वाचा वाटतो. अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणींत राहतात, रक्त पिण्यापुरत्या त्वचेवर येतात, आणि ज्याच्याजवळ बदलायला दुसरा जोड नाही, धुवायला पाणी नाही, त्याच्यापाशीच टिकतात. म्हणजे ‘लाउझी’ असणे याचा अर्थ एकच वस्त्र असणे. शतकानुशतके लोकांनी त्या माणसाच्या वस्त्राची उणीव त्याच्या स्वभावाच्या खाती मांडली, आणि तिथून ती आपल्या टीकेच्या भाषेत आली.

डोक्यातल्या उवांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्या अंगावरच्या उवांसारखे हे ताप पसरवत नाहीत, आणि केस स्वच्छ की मळके याची त्यांना पर्वा नसते. डोक्याला डोके लागले की त्या इकडून तिकडे जातात. मुले डोक्याला डोके लावून खेळतात, गुपिते सांगतात, एका पुस्तकात दोघे वाचतात. आमच्या वर्गात ज्या चार मुलींना वेगळे बसवले होते त्या चौघी एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी होत्या, ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

महायुद्धातल्या सैनिकांनी उवेला ‘कूटी’ असेही नाव दिले होते. ते मलाय भाषेतल्या ‘कुतू’ या उवेच्याच नावावरून आले असे मानतात. युद्ध संपले, शब्द मायदेशी गेला, आणि अमेरिकेतल्या मुलांच्या खेळात शिरला. ज्याला खेळात घ्यायचे नाही त्याला ‘कूटी’ आहेत असे म्हणायचे आणि तो शिवला की ओरडत पळायचे. त्या खेळात ऊ नसतेच, कुठलाही रोग नसतो. उरते ते फक्त दूर ढकलणे. शब्दातला किडा मरून जातो आणि त्याच्याभोवतीची तुच्छता मागे राहते, हे मला इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

वाचनालयातून परतल्यावर त्या संध्याकाळी मी आईला म्हटले होते, “आई, लाउझी म्हणजे काय माहीत आहे? उवांनी भरलेला.” ती काहीतरी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “उवा काय, कुणाच्याही डोक्यात होतात. तुला बसवलं होतं ना वेगळं, तेव्हा मी बाईंना सांगून आले होते, पोरीचं डोकं मी साफ करीन, पण तिला बाकावर परत घ्या.” ती शाळेत गेली होती हे मला सतरा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हते.

मी हा शब्द वापरणे सोडले असे नाही. हवेला, झोपेला, स्वतःच्या मनःस्थितीला मी तो बिनदिक्कत लावते, कारण तिथे त्याने कुणाची पायरी ठरत नाही. माणसाच्या कामाला लावताना मात्र हात थांबतो. आता माझ्याकडे नव्या भाषांतरकारांचे खर्डे तपासायला येतात. मागच्या महिन्यात आलेला एक खर्डा वाचताना, रात्रीचे अकरा वाजलेले, डोळे चुरचुरत होते, आणि समासात माझ्या पेन्सिलीने ‘भिकार’ हा शब्द लिहून झालाही होता. मी तो खोडरबराने खोडला. मग परिच्छेद पुन्हा वाचला. दुसऱ्या वाक्यात कर्ता हरवला होता, तिसऱ्यात इंग्रजी कर्मणी प्रयोग जसाच्या तसा उतरला होता, आणि चौथे वाक्य, मी पहिल्या खेपेस चिडून नीट वाचलेच नव्हते ते, खरोखर चांगले साधले होते. त्या तिन्ही गोष्टी मी समासात लिहिल्या, चौथ्या वाक्याखाली एक रेघ ओढली आणि पुढच्या पानाकडे वळले.